तक्त्यात पहिलं आलेलं मशीन

माझं वय चार वर्षं. माणसांत हे बालवाडीचं वय, पण आम्हा कार्ड मशीनांना एवढ्यातच म्हातारपण येतं. माझ्या बटणावरचा पाच पुसला गेलाय. तरी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या लतिकाताईंच्या फराळाच्या दुकानात मी रोज कामाला उभा असतो. मित्रांनो, माझी हकिकत ऐका. त्यात माझी फजिती आहे, पण लपवून काय उपयोग?

माझा जन्म कुठला, मला ठाऊक नाही. आठवतं ते मानेसरचं गोदाम. तिथून विक्रेत्याच्या बॅगेत बसून मी दुकानात आलो. त्याच आठवड्यात आणखी सहा कंपन्यांची मशीनं येऊन गेली. निवड करणार होते लतिकाताईंचे यजमान श्रीपादराव. आता पुण्याचा माणूस, त्यात आयटीतला; कोथिंबिरीची जुडी घेतानाही तुलना करणारच! त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला. भाडं किती, दर व्यवहाराला कापणार किती, बॅटरी किती तास, बिघडलं तर माणूस कधी येणार. इतके प्रश्न विचारले की एका विक्रेत्याने मध्येच पाणी मागितलं.

तक्त्यात मी पहिला आलो. भाडं शून्य, अंगाने सडपातळ, कार्ड टेकवलं की काम फत्ते. "हेच घ्यायचं. बिल्कुल डोळे मिटून," श्रीपादराव म्हणाले. कागदाची पावती देणारं एक ढब्बं मशीन शेवटून दुसरं आलं. मी त्याला मनातल्या मनात हसलो. पुढचे चार महिने दुकानात माझं कौतुकच कौतुक होतं.

मग दिवाळीच्या आधी लतिकाताईंना कोपर्निकस मार्गाजवळच्या एका जुन्या अतिथीगृहाच्या दालनात फराळ विकायला तीन दिवस टेबल मिळालं. तिथल्या व्यवस्थापक विनया मॅडमनी सांगितलं होतं, "तीन दिवस नीट जमलं, तर उपाहारगृहातला कोपरा कायमचा तुमचा." लतिकाताईंना तो कोपरा हवाच होता. आर. के. पुरमची वस्ती सरकारी नोकरांची. बदली झाली की जुनी गिऱ्हाइकं सामान बांधून निघून जातात. दुकान पुढे चालणार कसं, या काळजीने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या दिवशी अकरालाच रांग लागली. पहिल्या बाईंनी कार्ड टेकवलं आणि माझ्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मला चालायला वायफाय लागतं. दुकानात ते होतं. या दालनात ते पोचतच नव्हतं आणि हातभर जाड भिंतींत लतिकाताईंच्या फोनलाही रेंज नव्हती. बहुतेक लोकांचे फोनही तसेच, त्यामुळे क्यूआर कोडही कामाचा नाही. रोख आजकाल कोण बाळगतो?

"मॅडम, नेटवर्क नहीं है क्या?" मागून कोणीतरी ओरडलं.

"बस, एक मिनट!" लतिकाताई मला घेऊन खिडकीशी धावल्या, मग दारात, मग परत टेबलाशी. शेवटी त्यांनी मला टेबलावर आपटलं. लोक चकलीची पाकिटं परत ठेवून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी श्रीपादराव न्यायला आले. "अगं, पण तक्त्यात तर..."

"तक्त्यात सगळं होतं रे. आपण विकणार कुठे, तेवढं सोडून."

खरंच होतं ते. सातही मशीनं त्यांनी दुकानातल्या एकाच टेबलावर, तिथल्याच वायफायवर तपासली होती. बादलीत पाय बुडवून पोहण्याची परीक्षा घ्यावी, तसा प्रकार.

दुसऱ्या दिवशी लतिकाताईंनी तीन विक्रेत्यांना थेट त्या दालनात बोलावलं. टेबलाशी उभं राहून प्रत्येक मशीनवर एकेक रुपया भरून पाहिला. ढब्ब्या मशीनमध्ये स्वतःचं, मिळेल त्या कंपनीचं नेटवर्क पकडणारं सिम होतं; त्याला रेंज मिळाली आणि त्याने कर्रर्र करत पावती दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सुरू झालं. दोन वाजता टेबलावर शंकरपाळ्याचा एक तुकडा उरला नव्हता.

विनया मॅडम आल्या. लतिकाताईंनी स्वतःहूनच सांगितलं, "पहिल्या दिवशीचा गोंधळ माझा. मशीन आधी इथे आणून बघायला हवं होतं."

विनया मॅडम हसल्या. "इथे टेबल लावणारा जो तो माझ्या भिंतींना नावं ठेवतो. स्वतःची चूक म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. सोमवारपासून या."

घरी आल्यावर श्रीपादराव मला परत पाठवायला खोक्यात भरू लागले. "बंडल निघालं यार हे!"

लतिकाताईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बंडल कसलं? दुकानात याने एक तरी कार्ड अडवलं का कधी? आपणच याला नको तिथे उभं केलं, आणि वर मी त्याला आपटलं." त्यांनी पदराने माझा पडदा पुसला. मित्रांनो, मला रडता येत असतं ना, तर मी तेव्हा रडलो असतो.

म्हणून हात जोडून सांगतो. मशीन असो की माणूस, जिथे राबायचंय तिथे त्याला आधी नेऊन बघा. आणि कोणी कमी पडलं, तर आपटण्याआधी एवढं विचारा, याला इथे उभं कोणी केलं?