छातीत की घरात?

मित्रांनो, मी एक जुना स्टेंट आहे. म्हणजे धातूच्या बारीक जाळीची एक नळी. तांदळाचे दोन-तीन दाणे ओळीने मांडले तर होईल एवढीच माझी लांबी. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना गावोगाव हिंडल्याच्या गप्पा मारतात. माझ्या नशिबी ते नाही. मी एका आजीच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलो आहे आणि इथून माझी सुटका नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे मला कापून जाळी केली, औषधाचा लेप चढवला आणि एका मिटलेल्या फुग्यावर गच्च दाबून बसवले. मग पाकीट, पाकिटावर खोके. त्या अंधारात मी मनात म्हणायचो, एकदा बाहेर पडू दे, मग मी आणि मोकळी हवा! खुळाच होतो मी.

बाहेर काढले ते थेट पिल-नाम आजीच्या मनगटातून आत सारण्यासाठी. ही आजी कोरियाच्या दक्षिणेला, थोंगयोंग बंदरात राहते आणि थंडीभर शिंपल्यातली कालवं फोडायच्या कामाला जाते. तिची रक्तवाहिनी चरबीच्या थराने अशी चिंचोळी झाली होती की रक्त अंग चोरून चालले होते. मला तिथे नेले, फुगा फुगवला, मी उमललो आणि पाठ लावून भिंत मागे रेटली. मग फुगा मिटला आणि आल्या वाटेने निघून गेला. मी मात्र तिथेच राहिलो.

रक्त धो-धो वाहू लागले. आजी टेबलावरूनच म्हणाली, "अगं बाई, कसं गार वाटलं!" कोणीतरी म्हणाले, "झकास बसलाय." माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक ते. त्यानंतर बरेच दिवस मला कोणी पाहिले नाही.

मला डोळे नाहीत. पण आजीचा आवाज छातीत घुमूनच बाहेर पडतो, म्हणून तिचे बोलणे जगाच्या आधी मला ऐकू येते. इतरांचे जरा दबके येते, पण येते.

आता एक शब्द सांगतो. त्या शब्दावरच माझी सगळी कहाणी उभी आहे. तिकडे जीव घुसमटला की म्हणतात, 'दापदाप होतंय.' आणि समोरच्या माणसाचा वैताग आला तरी म्हणतात, 'दापदाप होतंय.' दुखणे वेगळे, शब्द एकच. आजीचे यजमान दोक-पाल आजोबा म्हणजे मुखदुर्बळ माणूस. बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात जन्म गेला, घरात बोलणे एवढेच, "हं." आजी त्यांच्या नाकासमोर बोट नाचवून दिवसातून कितीदा तरी ओरडायची, "तुमच्यापायी दापदाप होतं मला!" त्यामुळे छाती खरोखर आवळू लागली तेव्हाही कोणी लक्ष दिले नव्हते. शेजारीण गुम-ओकने तर औषध सांगितले होते, "नवऱ्यावर चांगली ओरड, मोकळं वाटेल."

इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवले.

"आजी, पुन्हा दापदाप झालं तर आधी एक प्रश्न विचारायचा. छातीत की घरात?"

आजी हसली. "डॉक्टर, घरातलं काही तुमच्या गोळीनं जायचं नाही."

"छातीतलं जाईल. पण ह्या गोळ्या वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत. रक्ताला तो स्टेंट अजून परका वाटतो. त्याच्यावर आतली कातडी आली की मग आपला मानेल. तोवर ह्या गोळ्याच त्याची राखण करतात. कळलं ना, आजोबा?"

"हं," आजोबा म्हणाले.

परका! मला जरा लागलेच ते. बरे, पाहुणा कंटाळला तर घरी जातो. मला तीही सोय नव्हती.

हिवाळा लागला. आजी कालवांच्या शेडमध्ये परत गेली. रबरी एप्रन, हातात सुरी, तोंडाने अखंड बडबड. तिचे हृदय चांगले चालले होते आणि माझ्यावर हळूहळू कातडी धरू लागली होती. मी आपला गुणी मुलासारखा भिंत धरून उभा.

कामाचे दिवस संपले की आठवड्याच्या शेवटी ह्या बायका सार्वजनिक न्हाणीघरात जातात. गरम पाण्यात बसायचे, मग खरखरीत हातमोजा घालून एकमेकींची पाठ अशी घासायची की मळाच्या वळकट्या निघाल्या पाहिजेत. आजीची पाठ गुम-ओक घासायची. त्या गोळ्यांनी रक्त पातळ होते आणि जरा दाबले की कातडीखाली निळे पडते. एका आठवड्यात आजीच्या दंडावर आणि पाठीवर निळे-काळे डाग उमटले. पुढच्या आठवड्यात गुम-ओकचा हात मध्येच थांबला.

"काय गं हे?"

"गोळीचे डाग आहेत. रक्त पातळ होतं ना."

गुम-ओकने हातमोजा उतरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी आईसुद्धा असंच सांगायची. कधी दारावर आपटले म्हणायची, कधी बोटीवर पडले. आम्ही पोरंही मान डोलवायचो."

"अगं, माझ्या म्हाताऱ्यानं जन्मात डास मारला नाही!"

"हं," गुम-ओक म्हणाली, अगदी आजोबांसारखे.

झाले. न्हाणीघरातली गोष्ट बाजारात पोहोचायला कितीसा वेळ लागतो? मासळीवाल्या बायका आजोबांना पाहून जिभेने च् च् करू लागल्या. आजोबांना काही कळेना. एकदा घरी येऊन एवढेच म्हणाले, "लोकांना काय झालंय?" आजीच्या छातीत काहीतरी पिळवटले. ते मी अगदी जवळून अनुभवले.

नववर्ष जवळ आले होते. त्याआधी गावातल्या झाडून सगळ्या बाया न्हाणीघरात येतात. तोवर अंगावरचा एकही डाग राहता कामा नये, असे आजीने ठरवले. आणि तिने गोळ्या बंद केल्या. लेक सु-रानला नाही, डॉक्टरांना नाही, कोणालाच सांगितले नाही. रोज सकाळी ती पाणी तेवढे प्यायची. आजोबांना दिसावे म्हणून.

मित्रांनो, मी कसा कळवळलो ते तुम्हाला कसे सांगू? माझी एक बाजू अजून उघडीच होती. पहिले काही दिवस काही झाले नाही. मग रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट्स, ज्या आजवर माझ्याजवळून निमूट जात, एक-एक करून मला चिकटू लागल्या. मी ओरडलो, "आजी, गोळी घे!" पण मला तोंड कुठले? पाय असते तर पळालो असतो, हात असते तर त्या गुठळीला ढकलले असते. ज्या वाटेचा पहारा मला दिला होता ती वाट माझ्याच अंगावर बंद होत होती आणि मी जागचा हलू शकत नव्हतो. कारखान्यातले ते खोके मला स्वर्गासारखे वाटू लागले.

आजीचे डाग मात्र खरोखरच फिकटले. ती खूश होती.

नववर्षाच्या आदल्या दुपारी गुम-ओक मदतीला आली होती. दोघी नववर्षाच्या सूपासाठी तांदळाच्या पिठाच्या वड्यांचे काप करत होत्या. आजोबा अंगणात मासे साफ करत होते. आजीची सुरी थांबली.

"दापदाप होतंय गं."

"होणारच!" गुम-ओक मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "असल्या माणसाबरोबर राहून दुसरं काय होणार? बाहेरून गाय नि आतून..."

मी मनात टाहो फोडला. परत तेच! परत तोच शब्द, परत तोच अर्थ! माझ्यातून आता रक्ताची बारीक धार तेवढी जात होती.

अंगणातला सुरीचा आवाज बंद पडला. आजोबांची पावले दारापर्यंत आली.

"छातीत की घरात?" त्यांनी विचारले.

आजी म्हणाली, "घरात."

"मग बोट कुठंय?"

"कसलं बोट?"

"घरात असतं तेव्हा तुझं बोट माझ्या नाकासमोर असतं. आज तुझा हात छातीवर आहे."

खरे होते ते. तिचा तळवा नेमका माझ्यावर टेकला होता. त्याचा दाब मला जाणवत होता.

आजी रडू लागली. "छातीत. अहो, गोळ्या बंद केल्यात मी. लोक म्हणतात, तुम्ही मला मारता."

गुम-ओकच्या हातातली सुरी खाली पडली. आजोबांनी फोन उचलला. "बायकोच्या हृदयात स्टेंट आहे. तो बंद पडतोय. लवकर या." त्या दिवसाआधी त्यांच्या तोंडून एवढे बोलणे मी कधी ऐकले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. तेच मनगट, तीच वाट, पुन्हा फुगा. डॉक्टरांनी गुठळी काढली आणि माझ्या आत एक नवा स्टेंट बसवला. तेव्हापासून मी 'जुना' झालो. सुरुवातीला मला त्याचा राग आला. पण बिचारा पहिल्या दिवशी विचारत होता, "इथून बाहेर कधी जायचं?" मी त्याला काय सांगणार? म्हटले, "अरे, रक्ताकडे लक्ष दे." आजीच्या हृदयाचा एक कोपरा मात्र कायमचा दुबळा झाला. आता चढ चढताना ती मध्ये थांबते, आणि कालवांच्या शेडमध्ये तिची जागा दुसरीने घेतली. ते काही भरून येणार नाही.

ती बरी झाल्यावर आजोबा तिला घेऊन न्हाणीघराच्या दारात गेले. आत बायकांचा कलकलाट चालला होता. पडद्याबाहेर उभे राहून ते गरजले, "ऐका! हिच्या अंगावर परत डाग दिसणार आहेत. ते गोळीचे आहेत. ज्यांना पटत नसेल त्यांनी मला खुशाल शिव्या घाला. पण हिची गोळी थांबता कामा नये!"

आतून गुम-ओकचा आवाज आला, रडवेला, तरी खणखणीत. "ये आत, सु-रानच्या आई. आज मऊ फडका आणलाय मी. आणि तुम्ही जा हो घरी, इथं बायका उघड्या आहेत!"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या छातीत माझा एखादा भाऊबंद असेल, तर माझे एवढे ऐका. त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने तुम्ही बोला. गोळीचा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, पण लोक काय म्हणतील म्हणून ती परस्पर बंद करू नका. आणि घरातले माणूस रोजचेच रडगाणे गाते आहे असे वाटले, तरी एकदा वळून त्याच्या हाताकडे बघा.

आता रोज सकाळी आजोबा गोळी आणि पाणी घेऊन आजीसमोर उभे राहतात. ती गिळेपर्यंत हलत नाहीत, तोंड उघडायला लावून जिभेखालीही बघतात. मग आजी चिडून ओरडते, "दापदाप होतं तुमच्यापायी!"

नवा दचकतो. मी त्याला म्हणतो, "थांब. हात बघू दे."

तळवा छातीवर टेकत नाही. म्हणजे बोट आजोबांच्या नाकासमोर आहे.

"घरात आहे," मी त्याला सांगतो, आणि आम्ही दोघे आमच्या कामाला लागतो.