स्टेशनपलीकडचं पाणी

पाणी भरायला हातमोजे कशाला लागतात, हे मावशींना काही केल्या पटेना.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशावर दोन माणसं आली होती. एक हापसत होता. दुसरा रबरी हातमोजे घालून बाटल्या भरत होता आणि भरलेली प्रत्येक बाटली, अंडी ठेवावीत तशी, जपून खोक्यात ठेवत होता. मावशी कडेवरच्या पोराला झुलवत जवळ गेल्या.

"कसली तपासणी म्हणायची ही?"

"नेहमीचीच आहे, बाई."

"नेहमीची? लग्न होऊन आल्यापासून मी इथलं पाणी भरतेय. तुम्हाला आजच बघतेय."

हातमोजेवाला ओशाळं हसला. "टेकडीच्या आसपासचे सगळे हापसे तपासायला सांगितलेत." मग जरा घुटमळून, खालच्या आवाजात म्हणाला, "अहवाल येईपर्यंत प्यायला नका वापरू, जमलं तर."

टेकडी म्हणजे गावाचा जुना कचरा डेपो. तो बंद झाल्यावर वर माती ओढून गवत लावलं होतं, कुंपणाला 'नियोजित उद्यान' अशी पाटी लटकत होती. नव्या माणसाला ती खरोखरच टेकडी वाटायची. त्या डेपोवर मावशींच्या यजमानांनी जन्मभर बुलडोझर चालवला. कचरा पसरायचा, दाबायचा, वर माती लोटायची. गल्ली त्यांना डोझरकाका म्हणायची. मावशी घरातच पाळणाघर चालवायच्या. गल्लीतल्या आणि पुढच्या नव्या वसाहतीतल्या आया कामावर जाताना पोरं त्यांच्याकडे सोडायच्या. पोरं मावशी म्हणायची, म्हणून आयाही मावशीच म्हणायच्या.

त्या घरी आल्या तेव्हा काका दारात बसून खेळण्यातल्या घोड्याचा मोडका पाय बसवत होते.

"अहो, हापशाचं पाणी तपासायला आलेत."

काकांचा हात थांबला. "कुठल्या हापशाचं घेतलं? पुढच्या की मागच्या?"

"तुम्हाला काय करायचंय कुठलं ते?"

"सहज विचारलं," असं म्हणून ते पुन्हा स्क्रू पिळायला लागले. स्क्रू तर कधीच घट्ट बसला होता.

मावशींच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

डोझरकाकांच्या पाण्याची गल्लीत थट्टा व्हायची. रोज सकाळी सायकलला कॅन लटकवून ते थेट स्टेशनपलीकडच्या नळावर जायचे. हापशाच्या पाण्याचा चहा म्हणजे नुसता गढूळ काढा, असं सांगायचे. मावशीही मिरवायच्या, "आमच्या ह्यांची जीभ राजाची आहे, नशीब तेवढं डोझरवाल्याचं." घरात चहाला आणि प्यायला तेच पाणी. पोरांना मात्र हापशाचं. एवढ्या पोरांना ते पाणी पुरणार कुठून? शिवाय नवऱ्याने घाम गाळून आणायचं आणि पोरांनी निम्मं पिऊन निम्मं सांडायचं, हे मावशींच्या जिवावर यायचं. हापशाचं पाणी त्या दुहेरी फडक्यातून गाळून द्यायच्या आणि स्वच्छतेच्या बाबतीत आपल्याला कुणी बोट दाखवू शकणार नाही, अशा समाधानात असायच्या.

पण ही राजाची जीभ फुटली कधी? लग्नानंतर कितीतरी वर्षं हाच माणूस हापशाला तोंड लावून पाणी प्यायचा. त्यांनी आठवून पाहिलं. ते डेपोवरून उशिरा यायला लागले होते, तो काळ. बुटांना उग्र वास यायचा, नाकात जाऊन बसणारा. विचारलं की वसकन अंगावर यायचे. त्याच सुमाराला एक दिवस गुपचूप सायकलला कॅन लागले.

आणि पोरं? बटाट्या म्हणून सगळे चिडवायचे त्या गुबगुबीत पोराच्या अंगावर चट्टे उठायचे. चिमीचं पोट सारखं दुखायचं. चिमीची आई नर्स होती, वसाहतीत राहायची. ती एकदा म्हणालीही होती, "मावशी, सुटीच्या दिवशी हिचं पोट दुखत नाही हो." मावशींना तो टोमणा वाटला होता. नंतर कितीतरी दिवस त्या तिच्याशी तुटक बोलत होत्या.

तपासणीच्या त्या दिवशी त्यांनी पोरांना कॅनमधलं पाणी दिलं. काकांनी ते पाहिलं, आणि एवढं पाणी आज का संपलं, असं चकार शब्दाने विचारलं नाही. मावशींना तेही खटकलं.

दुपारी पोरं झोपली. मावशींनी चहा टाकला. एक कप काकांपुढे ठेवला आणि समोर बसून राहिल्या.

काकांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. "पाणी कुठलं?"

"का हो? आजवर कधी विचारलं नाहीत."

"नाही, सकाळी कॅन संपले ना..."

"हापशाचं आहे. एका कपाने काय होतंय? अख्खी गल्ली पितेय."

काकांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरू लागली. शेवटी मावशींनीच तो कप ओढला आणि तोंडाला लावला.

"पिऊ नकोस!" काका ओरडले आणि त्यांनी मनगट धरलं. चहा हिंदकळून दोघांच्याही हातांवर सांडला. आतल्या खोलीत एक पोर दचकून रडायला लागलं.

मावशींनी कप हळूच खाली ठेवला. "तुमच्याच कॅनमधलं आहे. तळाशी उरलं होतं थोडं."

त्या आत गेल्या, पोराला थोपटून झोपवलं, आणि परत येऊन बसल्या. काका तसेच होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. संशय होता."

"कसला?"

"कारखान्यांची घाण घेऊन टँकर यायचे. साहेब म्हणायचा, खड्डा कर, ओतू दे, माती लोट. मी लोटायचो. मग एकदा टेकडीच्या मागच्या अंगाने काळं पाणी पाझरताना दिसलं. आपल्याच बाजूला. साहेबाला सांगितलं, तर म्हणाला, तुला कामावर राहायचंय ना?" काकांनी हात चोळले. "मला वाटलं, जिरेल जमिनीत."

"मी पोरांना देत होते ते. तुमच्या डोळ्यांदेखत."

"मी म्हणालो होतो तुला, पोरांनाही हेच दे. जास्तीचा कॅनही आणायला लागलो होतो. मग गुडघा गेला, तो बंद झाला."

"चवीला बरं म्हणून सांगितलंत!" मावशींचा आवाज फुटला. "वाईट आहे म्हणाला असतात, तर मी डोक्यावरून वाहून आणलं असतं."

संध्याकाळी आया पोरं न्यायला यायच्या वेळेला काका आर्जवं करू लागले. "आत्ताच कशाला बोलतेस? अहवाल तर येऊ दे. कदाचित काही निघणारही नाही."

"निघणार नाही, तर मघाशी माझा हात का धरलात?"

मावशी दारात उभ्या राहिल्या. येईल तिला त्यांनी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, रडल्याही नाहीत. हापशाचं पाणी बरं नसावं, आणि तेच मी इतकी वर्षं तुमच्या पोरांना दिलं. बटाट्याच्या आईने खांद्यावरची पिशवी तशीच खाली सोडली. नर्सबाई चिमीला उचलून घेत म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"आणि काकांना?"

मावशींनी मागे वळून पाहिलं. काका खुर्चीत मान घालून बसले होते. "होतं," त्या म्हणाल्या.

मग बायकांतलं कुणीतरी, फारसा आवाज न चढवता, म्हणालं, "म्हणजे स्वतः स्टेशनवरचं प्यायचं, आणि आमच्या पोरांना हे. वर म्हणायचं, माहीत नव्हतं."

मावशींच्या जागी दुसरी कुणी असती, तर मावशींनीही विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी काकांचे धुतलेले कपडे खुर्चीवर काढून ठेवले. "जा. कुठे कुठे पुरलंय ते दाखवा." काका गेले. हातमोजेवाल्याबरोबर ते त्या हिरव्या गवतावर लंगडत फिरत होते, बोटाने जागा दाखवत होते, आणि लोक गच्च्यांवर उभे राहून बघत होते. संध्याकाळी आल्यावर त्यांनी स्वतःच जेवायला वाढून घेतलं.

अहवालात जे यायचं ते आलं. हापशांचे दांडे काढून नेले. पाण्याचे टँकर सुरू झाले. पाळणाघरात कुणी येईना. जुन्या ओळखीच्या बाया रस्त्याने जाताना पोराला पलीकडच्या बाजूला घ्यायच्या.

मग एका सकाळी नर्सबाई दारात उभी. डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाली, "दवाखान्यात दुसरं कुणी नाहीये आज, मला जावंच लागेल. दुसरीकडे कुठे सोय नाही लागली." चिमीच्या गळ्यात पाण्याची नवी बाटली होती. "हिला हेच द्या," एवढं बोलून ती भराभरा निघून गेली.

रिकाम्या खोलीत चिमी एकटीच बराच वेळ खेळली. मग तिला तहान लागली. बाटलीचं झाकण तिला उघडेना. मावशींनी हात पुढे केला, तशी तिने बाटली छातीशी धरली.

"आई म्हणाली, तुझ्या हातचं पाणी प्यायचं नाही."

"बरोबर म्हणाली," मावशी म्हणाल्या. "मी नुसतं झाकण उघडून देते. चालेल?"

चिमीने विचार केला आणि बाटली दिली. मावशींनी झाकण फिरवलं, बाटली तिच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात मागे घेतले. मग चिमीने बाटली उचलली, आणि त्यांच्याकडे बघत बघत, घटाघटा पाणी प्यायली.