उभ्या माणसाचं पिल्लू

"सोड! सोड म्हणतो ना तुला!" हातातली जेवणाची बशी सावरत एडवर्ड एका पायावर नाचला. दुसऱ्या पायाची पॅंट ब्रूनच्या दातांत होती. ब्रून म्हणजे चार महिन्यांचं पिल्लू. रंग कडक ब्रून पावासारखा, म्हणून लेकीनं, ॲव्हरिलनं, त्याचं नाव ब्रून ठेवलं आणि महिनाभरात ती कॉलेजसाठी पुण्याला निघून गेली. पिल्लू मागे राहिलं, मस्कतमधल्या अल् घुब्र्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, आईबापांच्या पायांशी. एडवर्डच्या दोन्ही घोट्यांवर त्याच्या दातांचे ठसे होते.

एडवर्डनं सवयीनं डब्यातून बिस्किट काढून पुढे केलं. ब्रूननं पॅंट सोडली, बिस्किट मटकावलं आणि लगेच पुन्हा पॅंट धरली.

तेवढ्यात बिल्डिंगचा वॉचमन शरीफ दाराशी आला आणि दोन पावलं लांबच थांबला.

"एडवर्डभाई, दूसरे माले की खुदेजा मॅडम ने कंप्लेंट किया. सीढी पे इसने उसका अबाया खींचा. अर्बाब गुरुवार को आता है, असर की नमाज के बाद. बोला, कुत्ता काटता है तो खलास, बिल्डिंग से बाहर."

"काटता नहीं रे, दांत आ रहे हैं उसके."

"वो आप अर्बाब को समझाओ," म्हणून शरीफ जिना उतरून गेला.

अर्बाब म्हणजे घरमालक. आज सोमवार. ॲव्हरिल गेल्यापासून घर कसं गप्प गप्प झालं होतं. नवराबायको टीव्हीसमोर बसत आणि टीव्हीच काय तो बोले. एडवर्डच्या किल्लीचा आवाज झाला की वेड्यासारखं धावत दाराशी येणारं या घरात आता हे एकच होतं. आणि एडवर्डला ते मनापासून हवं होतं, चावरं तर चावरं.

एडवर्ड एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, होता. वसईहून मस्कतला वेटर म्हणून आला, त्याला एकोणतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तो दोन नियम शिकला होता. पहिला असा, की गिऱ्हाईक चिडलं की आधी काहीतरी त्याच्या पुढ्यात ठेवायचं, सूप म्हणा, पाव म्हणा, आणि मग कारण विचारायचं. या नियमानं त्याची नोकरी टिकवली होती.

त्याची बायको इरीन ओट्याशी सुरमई कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"अरे एडवर्ड, तू त्याला गिऱ्हाईक करून ठेवलंस! तो चावला की तू सर्व्हिस देतोस. मी त्याच्या जागी असते ना, तर मीसुद्धा चावले असते."

"मग काय करू? मारू त्याला?"

"मारू नको. पण बिस्किट बंद. आणि तू आधी बसून जेव बघू. घोड्यासारखा उभ्यानं खातोस रोज."

"सवय आहे गं," एडवर्ड म्हणाला. हॉटेलच्या पॅंट्रीत पाच मिनिटांत, उभ्यानं आणि गार झालेलं जेवायची ती सवय होती. बसवायचं दुसऱ्यांना, खुर्ची मागे ओढून, हसून.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात एका पाहुण्यानं त्याची बाही धरली आणि आवाज चढवला. तेव्हा एडवर्डनं आपला दुसरा नियम पाळला. बाही ओढून घ्यायची नाही, ओढली की पकड घट्ट होते. हात मागे, नजर समोरच्या खांद्यावरून पलीकडे पडद्यावर, आणि गप्प उभं राहायचं. मिनिटभरात पाहुण्याचे हात आपोआप सैल पडले. एडवर्ड पडद्याकडे बघता बघता मनातल्या मनात म्हणाला, अरेच्चा!

संध्याकाळी घरी ब्रून पॅंटीला लोंबकळला, तसा एडवर्ड कॅप्टन झाला. हात मागे, नजर खिडकीबाहेर. ब्रूननं ओढलं, गुरगुरला, भुंकला. एडवर्ड जागचा हलेना. शेवटी कंटाळून ब्रूननं पॅंट सोडली आणि ढुंगण टेकून वर पाहिलं. मग एडवर्डनं त्याला फ्रीझरमध्ये गारठवलेला, पीळ घातलेला ओला नॅपकिन दिला. बस आणि मग घे. चाव, पण हे चाव. मंगळवार, बुधवार हाच उद्योग चालला. बुधवारी रात्रपाळीला निघताना नव्या पॅंटीची शिवण उसवली, तेव्हा "पालथ्या घड्यावर पाणी," इरीन म्हणाली. एडवर्डलाही धास्ती होतीच.

गुरुवारी अर्बाब आला. पांढरीशुभ्र पायघोळ डिशडाशा, वयस्कर माणूस, मागे शरीफ.

"मेरे को मगरिब की नमाज को जाना है," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "ये मुंह लगाया तो कपडा बदलना पडेगा."

आणि ब्रून सुटला. पांढरा झुलता कपडा, त्याला आणखी काय हवं! इरीननं तोंडावर हात ठेवला. एडवर्ड ओरडला नाही, झडपही घातली नाही. तो फक्त मध्ये येऊन उभा राहिला. हात मागे, नजर अर्बाबच्या खांद्यावरून जिन्याकडे. ब्रून त्याच्या नडगीवर आदळला, पॅंटीची घडी तोंडात घेतली, जराशी चावून पाहिली. कुणी नाचेना. त्यानं घडी सोडली, वर पाहिलं आणि बसला.

अर्बाब दाढीतल्या दाढीत हसला.

"ये तो होटेल का आदमी है! ठीक है. सीढी पे रस्सी बांध के ले जाना. दूसरा कंप्लेंट नहीं."

"इन्शाल्ला, अर्बाब," एडवर्ड म्हणाला. दार लावून त्यानं ब्रूनला गारठवलेला नॅपकिन दिला.

इरीननं डोळे पुसले आणि ताट वाढायला घेतलं. एडवर्डनं सवयीनं बशीला हात घातला. ती तिनं काढून घेतली. टेबलाजवळची खुर्ची मागे ओढली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

एडवर्ड झटकन पुढे झाला. "थांब, मी धरतो खुर्ची. तू बस."

"तुझ्यासाठी ओढलीय रे," ती म्हणाली. "बस."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ब्रूनकडे. नॅपकिन चावत ब्रून टेबलाखाली केव्हाच बसला होता. एडवर्ड अवघडून बसला. इरीननं भातावर सुरमईचं कालवण वाढलं. इतकं गरम खायची सवय नव्हती. पहिल्याच घासाला त्याची जीभ पोळली.