सूर्याकडे तोंड

आमचे हे नियमांचे इतके पक्के होते की माझं डोकं उठायचं. जबलपूरच्या फॅक्टरीत तोफेच्या गोळ्यांमध्ये बारूद भरायचं काम. गेटवर आगपेटी काढून द्यायची, खिळ्यांचे जोडे बदलायचे. घरी आले तरी तेच. मी स्टोव्ह पेटवायला बसले की म्हणत, "अंजनी, पदर खोच." मी म्हणायची, "हे घर आहे, तुमची फॅक्टरी नाही." तरी खोचायला लावायचेच.

एकाहत्तरच्या लढाईत बारा-बारा तासांची ड्यूटी, रजा बंद. हे घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला. लढाई संपली आणि यांच्या नखालाही धक्का लागला नाही. मी नर्मदामाईला चुनरी चढवली आणि म्हटलं, चला, आता समुद्र पाहू. ती हौस माझी होती, यांची नाही.

मे महिन्यात कोकणात गेलो, माझ्या धाकट्या बहिणीच्या, विनताच्या सासरी. किनाऱ्यावर एक पाटी होती. हे तिच्यासमोर उभे राहून शब्द न् शब्द वाचून राहिले. लाल निशाण असेल तर उतरू नका. एकट्याने जाऊ नका. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. समुद्राकडे पाठ करू नका. विनताचे यजमान दिवाकरराव हसले, "ही पाटी पूर्ण वाचणारे तुम्ही पहिलेच."

"लिहिणाऱ्यानं कोणाला तरी वाहून जाताना पाहिलं असेल," हे म्हणाले, "तेव्हाच लिहिलं."

दोन दिवस आम्ही काठावरच फिरलो, घोट्याभर पाण्यात. यांनी माझा हात सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्याकडे रविवारी सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय चहा नाही. लग्नापासून दर रविवारी हे नर्मदेच्या ग्वारीघाटावर गुडघाभर पाण्यात उभे राहून अर्घ्य देत. म्हणून तांब्याचा लोटा मी जबलपूरहून सोबतच आणला होता. लाल निशाण नव्हतं. पण सूर्य निघाला गावामागच्या डोंगरावरून, आणि समुद्र बरोबर त्याच्या उलट बाजूला. हे लोटा घेऊन थांबले.

"अवं, सूर्याकडे तोंड केलं तर समुद्राकडे पाठ होते. मी वाळूतच उभा राहून देतो."

"वाळूत कोणी अर्घ्य देते का? इतकी मोठी लढाई निभावली सूर्यदेवानं, अन् आता लाटेला भिऊन राहिले काहून?"

"पाटीवर लिहिलं आहे ना."

"पाटी मोठी का सूर्यनारायण मोठा? चलो, दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्या जिभेला हाड नाही, आई नेहमी म्हणायची. यांनी वाळूत चपला काढल्या. गुडघाभर पाण्यात गेले आणि माझ्याकडे वळले. डोळे मिटलेले, लोटा कपाळाच्या वर धरलेला, ओठ मंत्र म्हणत होते. त्यांच्या मागे उठलेली लाट मला दिसली. मी ओरडले, पण त्यांना ऐकू गेलं नाही.

नर्मदेत पोहत वाढलेला माणूस. तिथं धारेसोबत तिरपं गेलं की काठ लागतो. इथं पाणी आतच ओढत होतं. एकदा हात वर दिसला, मग तोही दिसला नाही. कोळ्यांनी होडी काढली आणि दुपारी त्यांचा देह घेऊन आले.

जबलपूरला परतले तेव्हा फॅक्टरीतले लोक भेटायला आले. यांच्याच सेक्शनचे मुरलीधरजी खुर्चीत बसून रडले. म्हणाले, "भाभीजी, इतना कायदे का आदमी, उससे गलती हुई कैसे?" मी पदरात तोंड घातलं. गलती यांची नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.

शेजारच्या इंदिराबाई अधूनमधून विचारतात, रविवारचं अर्घ्य बंद काहून केलं म्हणून. मी चहाचं पाहते म्हणून आत जाते. स्टोव्ह पेटवायच्या आधी पदर खोचते, आता कोणाला सांगावं लागत नाही. मग सूर्य खिडकीत येतो, आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.