उरलेलं पाणी

“पेल्यातलं उरलेलं मोरीत नको गं ओतू, प्रतिमा. झाडाच्या मुळाशी घाल. बिचारं मागत नाही म्हणून काय झालं?”

अकोल्याच्या अंगणातला आईचा हा आवाज प्रतिमाबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटापर्यंत आला होता. इथल्या एका वाळूच्या टेकडीवर जगात दुसरीकडे कुठेच न उगवणारी रोपं होती. दिवस कलला की त्यांची पांढरी फुलं उघडायची, वाळूच्या पदरावर चांदण्याची बुट्टी. विद्यापीठानं तिला त्यांच्यावर नजर ठेवायला पाठवलं होतं. तिचे मार्गदर्शक उल्हास सर यांनी आधीच बजावलं होतं, “फक्त बघायचं. जगली तर जगली, वाळली तर वाळली. मदत करायची नाही.”

इथे पाऊस हिवाळ्यातच पडायचा, पण १९८६चा हिवाळा कोरडा गेला. रोपांनी माना टाकल्या. संध्याकाळी तंबूपुढे बसून प्रतिमा पाणी प्यायची आणि तळाशी उरलेलं शेजारच्या रोपांना द्यायची. आधी घोटभर. मग स्वतः कमी पिऊन मुद्दाम उरवायची. वाळू ओल गिळून टाकायची, मागे खूणसुद्धा ठेवायची नाही.

मे महिन्यात सर आले. टेकडीभर नुसत्या काड्या. तंबूजवळची रोपं मात्र बोंडांनी लगडलेली.

“काय चिवट जात आहे यार!” सर वाळूत गुडघे टेकून बसले. “एवढ्या दुष्काळात बी धरलं! रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं. मग सरकारी ऑफिसवाले म्हणणार, एवढी चिवट रोपं, तर टेकडीभोवती कुंपण कशाला हवं? काढतील ते. वाळूत गाड्या उडवणारी पोरं पुन्हा येतील, सगळं तुडवतील. पण खरं ते खरं. रिसर्च पेपरवर तुझं नाव पहिलं टाकतो हं. आईला कळव, पेढे वाटू दे.”

प्रतिमाला बोंडांकडे बघवेना.

“घसा सुकला वाटतं पेढ्यांच्या नावानं? घे.” सरांनी बाटली पुढे केली.

ती प्यायली. तळाशी थोडं उरलं. तिचा हात सवयीनं रोपाच्या मुळाकडे वळला आणि तसाच थबकला.

“अगं, काय करतेस! नियम विसरलीस?”

“विसरले नव्हते, सर.” तिनं बाटली खाली ठेवली. “नियम माहीत असून घालत होते. रोज संध्याकाळी. या रोपांना मी जगवलंय.”