दुसऱ्या ओळीतले उंदीर

हे लिहिणारच नव्हतो. चूक माझी, आणि गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो. पिंजरे, भुसा, पाणी. शिक्षण अर्धवट, बाकीचं ऐकून-वाचून. माझा मित्र इथेच चार वर्षं बुरशीवर पीएचडी करतोय. झालेली नाही, पण आम्ही त्याला आत्तापासूनच डॉक्टर म्हणतो.

त्यानं बुरशीतलं एक जनुक असं बदललंय की उंदराच्या पाण्यात अँटिबायोटिक घातलं की ते बंद पडतं. पिंजऱ्यांच्या पहिल्या ओळीतल्या उंदरांना ही बुरशी टोचलेली, बाटलीत औषध. दुसऱ्या ओळीत साधी बुरशी, साधं पाणी. पहिली ओळ जगते, दुसरी आठवड्यात आडवी. म्हणजे बुरशीचा सगळा जोर त्या जनुकात. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा होता.

औषधाला उजेड चालत नाही, म्हणून सगळ्याच बाटल्यांना फॉइल गुंडाळतो. आतलं काही दिसत नाही. प्रयोगाच्या चौथ्या फेरीत बाटल्या भरताना मी पार दमलेलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर साध्या पाण्याचा कॅन भरलेला तसाच. औषधाचं पाणी दोन्ही ओळींना गेलेलं. बोललो नाही. फाटली होती.

दहाव्या दिवशी दुसरी ओळ मजेत दाणे कुरतडत होती. मग मात्र सांगितलं.

"फेक ही फेरी," डॉक्टर म्हणाला. "आधीच्या तीन आहेत ना."

"फेकतो. पण हे जगले कसे? यांच्या बुरशीचं जनुक तर चालूच आहे."

तो भुशाच्या पोत्यावर बसला. "म्हणजे औषधानंच वाचले?"

"माहीत नाही. पण तिन्ही फेऱ्यांत औषध एकाच ओळीला होतं. मग ती ओळ जनुक बंद पडल्यानं जगली की औषधानं, कसं कळणार?"

"तुला हे शहाणपण शिकवलं कुणी रे?"

"तूच. डबा खाताना."

हसला नाही. "आई रोज विचारते, कधी संपतंय. गाईड सरांना काय सांगू?"

"माझी चूक सांग."

"नोकरी जाईल, गाढवा."

मग त्यानं सरांना फोन लावला. "सर, प्रबंध थांबवावा लागेल." चूक कुणाची ते सांगितलंच नाही.

फोन ठेवून म्हणाला, "आता चार ओळी. दोन्ही बुरश्या, औषधासकट आणि औषधाशिवाय. सहा महिने गेले."

"पाणी मीच भरणार," मी म्हणालो. "आणि चुकलो तर त्याच दिवशी येऊन सांगेन. शब्द देतो."