चौथा बिघाड

मित्रांनो, जगातल्या सगळ्या यंत्रांना बिघडण्याची धास्ती असते. मला मात्र दर सोमवारी मुद्दाम बिघडवतात, आणि मी त्या सोमवारची अगदी आतुरतेने वाट पाहतो! मी सहा सिलिंडरचं एक म्हातारं डिझेल इंजिन आहे. उत्तर मिनेसोटातल्या एका लहान गावाच्या तंत्रमहाविद्यालयात मी शिकवण्याच्या कामाला आहे. हसू नका, खरंच शिकवतो.

माझी तरुणपणाची चौदा वर्षं शाळेच्या बसच्या पोटात गेली. कडाक्याच्या थंडीतही पहिल्या चावीला सुरू होणारं इंजिन अशी माझी ख्याती होती. पुढे बस गंजून मोडीत निघाली. मला वाटलं, आपलाही खेळ संपला. पण इथे डिझेल इंजिनांची दुरुस्ती शिकवणारे हौताला सर आले. त्यांनी मला धुऊनपुसून लोखंडी चौकटीवर बसवलं आणि वर्कशॉपच्या मधोमध आणून ठेवलं. तेव्हापासून मी कुठेच गेलो नाही, पण माझ्यावर शिकलेले हात साऱ्या जिल्ह्यात गाड्या दुरुस्त करतात. याचा मला किती तोरा आहे म्हणून सांगू!

सर सकाळी सगळ्यांच्या आधी येतात. एखादी तार सैल करतात, गाळणीत कचरा कोंबतात, इंधनाच्या नळीत हवा सोडतात आणि मिशीतल्या मिशीत हसत बाहेर जातात. मग पोरं माझ्या अंगाखांद्यावर चढून दुखणं शोधतात. सापडलं की सलामी! सगळ्यांनी माझ्याभोवती गोल उभं राहायचं, शोधणाऱ्याने वेगाचा दांडा शेवटपर्यंत ओढायचा आणि मी छप्पर हादरेपर्यंत गर्जायचं.

त्या वर्षी वर्गात लव्हॉन केटोला होती. वय त्रेचाळीस. अठरा वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात रांधलं होतं. ते स्वयंपाकघर बंद झालं आणि ती इथे आली. वर्गातली पोरं तिला 'मम्मा' म्हणून चिडवायची. पहिल्या परीक्षेत तिने सरांनी केलेले तिन्ही बिघाड शोधले, आणि मग घाबरून चौथाही लिहिला: पंप खराब. माझा पंप अगदी ठणठणीत होता! चांगल्या भागाला खराब म्हटलं की नापास, असा सरांचा कडक नियम. आणि संधी फक्त दोन.

लव्हॉन कॉलेज सोडायला निघाली. पण विद्यार्थ्यांच्या मदतीची खोली सांभाळणाऱ्या ओपलने तिला गाठलं. हत्यारांची पेटी उसनी हवी, तासाला बसायचंय पण तान्हं पोर कुठे ठेवू, सकाळपासून पोटात काही नाही, अशी कुठलीही अडचण असो, इथे सगळे ओपलकडे धावतात. तिने लव्हॉनला दंडाला धरून थेट माझ्यापुढे उभं केलं.

"मला नाही जमायचं, ओपल. मी आपली पातेली घासलेली बरी."

"चारशे पोरांचं रांधायचीस ना? खाली लागायला लागलं की कशावरून कळायचं तुला?"

"वासावरून. नाहीतर आवाजावरून."

"मग यालाही पातेलंच समज की!"

पातेलं! मला अस्सा राग आला! पण त्यानंतर पाच आठवडे, दर मंगळवारी नि गुरुवारी, लव्हॉन माझ्या चौकटीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभी राहू लागली. मी नीट चालत असताना कसा असतो, ते ती शिकत होती. एवढ्या वर्षांत कुणी असं केलं नव्हतं.

आता माझं एक गुपित सांगतो. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून माझ्या पुढच्या पंख्याचं एक पातं मुळाशी चिरत चाललं होतं. दर सलामीला चीर वाढत होती. पातं तुटून सुटलं असतं तर भोवतीच्या गोलात कुणाचा जीव गेला असता. पुढची जाळी बोटं वाचवण्यापुरतीच होती. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? सर पाहतच नव्हते. माझे सगळे बिघाड त्यांना ठाऊक होते, कारण ते त्यांनीच केलेले असायचे.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. पास झाली तर सोमवारपासून बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या गॅरेजात लव्हॉनची नोकरी पक्की होती. तिने तार शोधली, गाळणी शोधली, नळीतली हवा काढली. मी धडधडून सुरू झालो! अजून अकरा मिनिटं हातात होती. पोरं टाळ्या पिटत गोल करून उभी राहिली. दारात उभी असलेली ओपलही त्यांच्यात येऊन मिसळली.

"मम्मा, ओढ दांडा!"

लव्हॉनने दांड्याकडे हात नेला आणि मध्येच थांबली. तळहात माझ्या चौकटीवर टेकवला. मग तिने चावी फिरवून मला बंदच केलं!

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"सर, हा एरवी असा थरथरत नाही."

ती विजेरी घेऊन जाळीपाशी वाकली. पात्याच्या मुळाशी तांबूस रेघ होती, केसाएवढी.

"पातं चिरलंय."

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "रंगाचा ओरखडा असेल. लव्हॉन, मी परीक्षक आहे, जास्त बोलणार नाही. पण मागच्या वेळी काय झालं ते आठव."

"मम्मा, लिहू नकोस! सही घे नि सूट!" एक पोरगा ओरडला.

मला वाटत होतं, आपल्याला तोंड असतं तर! तिने ओपलकडे एकदा पाहिलं. मग लव्हॉनने कागद मांडीवर घेतला आणि चौथी ओळ लिहिली.

वेल्डिंगच्या वर्गातून बारीक चीर उघडी पाडणाऱ्या रसायनांचे दोन डबे आले. सरांनी पात्यावर लाल रंग फवारला, थोड्या वेळाने पुसून काढला आणि वर पांढरी भुकटी उडवली. आणि पांढऱ्यातून हळूहळू एक लालभडक रेघ वर आली, पात्याच्या जवळजवळ निम्म्या रुंदीपर्यंत!

"अरे देवा," मघाचा पोरगा म्हणाला, "मी बरोब्बर याच्यासमोर उभा होतो."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या उत्तरपत्रिकेवर, छापलेल्या तीन उत्तरांच्या खाली, स्वतःच्या हाताने चौथं लिहिलं आणि लव्हॉनच्या कागदावर पासची सही केली. मग हळूच म्हणाले, "हात कुठे ठेवला होतास, ते मला दाखव."

"सर, आता तो बंद आहे."

"ठाऊक आहे मला. जागा दाखव."

आणि तीस वर्षं शिकवलेला तो माणूस तिने दाखवलेल्या जागी तळहात ठेवून उभा राहिला.

शनिवारी मला नवा पंखा आणि जाडजूड जाळी बसली. लव्हॉननेच बसवली. सलामीला नर्सिंगच्या मुली आल्या, बेकरीच्या वर्गातली पोरं पिठाच्या हातांनी आली. सरांनी सगळ्यांना चार पावलं मागे उभं केलं. लव्हॉनने दांडा ओढला आणि मी असा काही गर्जलो, की खिडक्यांवरचा बर्फ धाडकन खाली आला!

मित्रांनो, तुमच्या घरचा पंखा, मिक्सर, सायकल कधी नेहमीपेक्षा वेगळी वाजली, तर 'ती वाजतेच तशी' म्हणून पुढे जाऊ नका. चालू पात्याला किंवा चाकाला हात मात्र लावू नका. आधी बंद करा, मोठ्यांना बोलवा, नीट बघा. मला आजवर हजार वेळा दुरुस्त केलं असेल. पण मला खरोखर काय होतंय, हे लव्हॉनने पहिल्यांदा विचारलं.